पाहुण्याला आधी पाणी

कॅप्टन कुठल्या सैन्यात नव्हता की जहाजावर नव्हता. मोठ्या हॉटेलात वेटरांच्या वर जो असतो त्याला कॅप्टन म्हणतात, तसला तो कॅप्टन. सगळी उमर लोकांच्या टेबलाशी उभं राहण्यात गेली. शेजारीपाजारी तेच नाव पडलं, आणि ओघाने त्याची बायको कॅप्टनीण झाली. ती बिचारी एका लाँड्रीत इस्त्री करायची. जिन्यात भेटलं की लोक चिडवायचे, काय कॅप्टनीणबाई, आज कुठल्या मोहिमेवर? ती म्हणायची, चादरींच्या.

कॅप्टनचं एक शास्त्र होतं. माणूस आत आला, टेकला, की आधी पाणी. नावगाव, कामधाम, सगळं मागाहून. पाणी आणायचं ते ट्रेमधून, डाव्या तळव्यावर, खांद्याच्या उंचीला, आणि चेहऱ्यावर हसू. पाय तुटत असोत नाहीतर घरात मढं पडलेलं असो, गिऱ्हाइकाला त्याचा पत्ता लागता कामा नये. गिऱ्हाईक जेवायला येतं, आपलं रडगाणं ऐकायला नाही, असं तो नव्या वेटरांना शिकवायचा. आणि बायको कुठूनही घरी आली, लग्नाहून, दवाखान्यातून, कुणाच्या मयतीहून, की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "पाणी विचारलं का?" विचारलं असेल तर ती माणसं चांगली. नसेल तर मग ती कितीही बडी असोत, त्यांच्यात काही राम नाही. ती म्हणायची, माणसं पारखायची इतकी सोपी रीत आधी कळली असती तर लग्नाच्या आधी तुमच्या घरी येऊन पाणीच मागितलं असतं.

मग नसांचा आजार आला. त्याचं नाव लांबलचक होतं. डॉक्टरांनी ते एकदा सांगितलं आणि दोघांपैकी कुणाच्याही जिभेवर ते बसलं नाही. अर्थ मात्र लगेच कळला. आधी पाय जाणार, मग हात, आणि गेलेलं काही परत यायचं नाही. हॉटेलवाल्यांनी निरोपाला फुलांचा गुच्छ दिला आणि टाळ्या वाजवल्या. अपंगांच्या कचेरीतून भत्ता सुरू झाला, तोही खालच्या दराचा. वरचा दर कुणाला, तर ज्याला घरी एकटं ठेवताच येत नाही अशाला. कॅप्टनला तेव्हा ठेवता येत होतं. तो भिंत धरून, खुर्ची पुढे ढकलत घरात हिंडायचा आणि ती इस्त्रीला जायची. तिची मजुरी आणि त्याचा भत्ता मिळून घराचा गाडा कसाबसा ओढला जात होता.

एके दिवशी ती कामावरून आली तर न्हाणीघराचं दार आतून बंद. हाका मारल्या तर आतून शांतपणे उत्तर आलं, आलीस का, चहा ठेव. तिला तेवढ्यानेच धडकी भरली. वरच्या मजल्यावरच्या सुताराला बोलावून दार मोडलं, तर कॅप्टन ओल्या फरशीवर पडलेला. ती सकाळी गेली त्यानंतर थोड्याच वेळात पडला होता आणि तेव्हापासून तसाच होता. ओठ निळे पडलेले, दात वाजताहेत, आणि सुताराला बघून म्हणतो काय, तर आपल्याला उगाच त्रास झाला. सुताराने तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी कॅप्टनीणने लाँड्रीचं काम सोडलं. मालकाने थांब म्हटलं नाही, आणि तिनेही वाट पाहिली नाही.

आता भत्त्याचा पहिलाच नियम असा, की घरात काहीही बदललं तर कचेरीला कळवायचं. कुणी आलं, कुणी गेलं, कुणाला काम लागलं, कुणाचं सुटलं, दुखणं वाढलं, दुखणं उतरलं, सगळं. लपवलंत तर आजवर दिलेलंही वसूल. इथे तर दोन गोष्टी बदलल्या होत्या. बायकोचं काम सुटलं होतं आणि नवऱ्याला एकटं ठेवता येत नव्हतं. कॅप्टन म्हणाला, कळवायचं. न कळवता खाल्लं तर ते चोरीचं खाणं, आणि चोरीचं आपल्याला पचायचं नाही.

कॅप्टनची मोठी बहीण, म्हणजे ताई, दुसऱ्या गल्लीत राहायची. नवऱ्याच्या आजारपणात तिने सगळ्या कचेऱ्यांचे जिने झिजवले होते, आणि त्यातून तिच्या जिभेला चांगली धार आली होती. ती म्हणाली, चालतंय ते चालू द्या, हातानं पायावर धोंडा पाडून घेऊ नका. एक गोष्ट कळवायला गेलं की ते सगळंच मुळापासून तपासायला घेतात. विकतचं दुखणं आहे ते. पण कॅप्टनीणला तिथे आशा होती, हे खोटं कशाला बोला. वरचा दर मिळाला तर तो तिच्या मजुरीच्या जवळपास जात होता. मिळाला तर ती नवऱ्याजवळ राहणार. नाही मिळाला तर त्याला आत ठेवून, बाहेरून कुलूप लावून कामावर जायचं. तिसरी वाट नव्हती. तिने जाऊन कळवलं. खिडकीतल्या बाईने नोंद घेतली आणि सांगितलं, आता घरी येऊन तपासणी होईल.

तपासणीच्या आदल्या दिवशी ताई आली आणि तिने दोघांना समोर बसवून शिकवणी घेतली. उद्या आंघोळ नाही. दाढी नाही. अंथरूण काढायचं नाही. सदरा आहे तोच, मळका. विचारलं कसे आहात, तर मान खाली घालायची आणि म्हणायचं, बरं नाही. कॅप्टनला ते जिव्हारी लागलं. परकी बाई घरात येणार आणि मी पारोसा बसू? असं म्हणून त्याने भिंतीकडे तोंड केलं. ताई म्हणाली, "अरे, तू खोटं बोलू नकोस. जसा आहेस तसा दिस, एवढंच सांगतेय." शेवटी त्याने हो म्हटलं. बहिणीच्या शब्दाबाहेर तो कधी गेला नव्हता.

आता जे झालं त्यात एकट्या कॅप्टनला दोष देऊन चालणार नाही. सकाळ झाली. त्याने काही मागितलं नाही, फक्त हनुवटीवरून हात फिरवत बसून राहिला. तो हातही धड फिरत नव्हता. कॅप्टनीणला ते बघवेना. तिने पाणी गरम केलं, त्याची दाढी केली, अंग पुसलं, केस विंचरले. त्यातच सकाळ निम्मी संपली, कारण मानेला आधार देत दाढी करायची म्हणजे खेळ नाही. मग सदरा. दारावर मळका सदरा टांगून ठेवला होता, ताईच्या हुकमाप्रमाणे. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या कपड्यांच्या सुरकुत्या काढलेली बाई ती. परक्या माणसासमोर आपल्याच नवऱ्याच्या अंगावर चुरगळलेला सदरा? तिच्या हातांनी ऐकलंच नाही. पांढरा सदरा काढला, इस्त्री तापवली, कॉलर कडक केली, बाह्यांची घडी सुरीसारखी. घालून झाल्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघं हसली. कितीतरी दिवसांनी तो पहिल्यासारखा दिसत होता. तिला वाटलं, दिसण्याने काय होतंय? पाय तर बोलतीलच ना त्यांचं.

तपासणीला आलेली बाई वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, निदान शिव्या घालता आल्या असत्या. थकलेली, घामाघूम, जिना चढून दम लागलेला, पायातली चप्पल तिला चावत होती. खुर्चीवर बसून तिने छोटा स्क्रीन मांडीवर ठेवला आणि कॅप्टनला म्हणाली, विचारेन त्याची उत्तरं तुम्ही स्वतः द्यायची, बाईंनी मध्ये बोलायचं नाही. मग विचारलं, तब्येत कशी आहे?

"उत्तम," कॅप्टन म्हणाला.

कॅप्टनीणने डोळे मिटले. तब्येत विचारली की उत्तम म्हणायचं, हे त्याच्या तोंडात इतकी वर्षं बसलं होतं की ते उत्तर नव्हतंच, ते नमस्कारासारखं होतं. पण स्क्रीनला नमस्कार कळत नाही. पुढचे प्रश्न झाले. कपडे घालता का? हो. जेवता का हाताने? हो हो. प्रत्येक हो खरा होता, फक्त त्यामागे कोण वाकलेलं असतं ते त्यात येत नव्हतं. मग बाईने दवाखान्याचे कागद मागितले. कॅप्टनीण ते आणायला आतल्या खोलीत गेली. कागद कपाटात वरच्या फळीवर होते, स्टूल घ्यावं लागलं.

स्टुलावर असतानाच तिला तो आवाज आला. स्टीलच्या ट्रेवर काचेचा ग्लास टेकल्याचा, अगदी हलका. तो आवाज तिच्या चांगल्या ओळखीचा होता, आणि तरी ती क्षणभर त्याला ओळखेना, इतके दिवस तो घरात झाला नव्हता. ती बाहेर धावली.

कॅप्टन उभा होता. ओट्यापासून खुर्चीपर्यंत जी थोडीशी मोकळी फरशी होती तिच्यावरून तो येत होता, कशालाही न धरता. डाव्या तळव्यावर ट्रे, ट्रेमध्ये काठोकाठ भरलेला ग्लास, खांद्याच्या उंचीला. गुडघे आतून थरथरत होते ते तिला विजारीच्या कापडावरून कळत होतं. पण ट्रे हलत नव्हता. आणि चेहऱ्यावर ते हसू. तो बाईजवळ आला, कमरेत थोडा वाकला आणि म्हणाला, "घ्या मॅडम. ऊन फार आहे बाहेर." मग आपल्या खुर्चीची पाठ चाचपडली आणि बसला.

बाई सगळं पाणी एका दमात प्यायली. तिला खरोखरच बरं वाटलं असावं. दिवसभर ती किती घरं हिंडत असेल, आणि त्यांतल्या किती घरी कुणी तिला पाणी विचारत असेल, देव जाणे. तिने आभार मानले, अगदी मनापासून, आणि स्क्रीनवर काहीतरी लिहिलं.

कॅप्टनीण म्हणाली, अहो मॅडम, हे असे चालत नाहीत. कितीतरी दिवसांत उभेसुद्धा राहिलेले नाहीत.

"आत्ता चालले ना?" बाई म्हणाली. तिच्या आवाजात खोच नव्हती. "मला जे दिसतं तेच लिहावं लागतं."

कॅप्टनीणने तिला न्हाणीघराचं मोडलेलं दार दाखवलं, गादीखालचं प्लॅस्टिक दाखवलं. कॅप्टनला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुणीपुढे घरची धुणी धुवायची नसतात. हिला उगाच काळजी वाटते, असं म्हणून त्याने तो विषय संपवला. बाई उठली तेव्हा तो बसल्या जागेवरून म्हणाला, पुन्हा या.

दार लागलं आणि तो कोसळला. खुर्चीवरून घसरून खाली आला, विजार ओली झाली, पायांत गोळे आले ते दिवसभर सुटेनात. कॅप्टनीण त्याचे पाय चोळत रडली, आणि रडता रडता तोंडाला येईल ते बोलली. माझ्या जिवावर उठलात तुम्ही, ती म्हणाली. सांगितलं होतं ना ताईंनी, सांगितलं होतं ना? कोण लागून गेली होती ती तुमची? तो ऐकून घेत होता. तिचं बोलून संपल्यावर म्हणाला, "थेंबही सांडला नाही, बघितलंस?" त्याचे डोळे चमकत होते. तिला त्याचा इतका राग आला, आणि इतकी मायाही आली, की काय करावं ते सुचेना. तिने नुसता त्याचा सदरा बदलला.

त्यानंतर तो पुन्हा कधी उभा राहिला नाही.

निकाल आला. वरचा दर नाहीच, पण खालचाही बंद. माणूस आधाराशिवाय चालतो, ओझं तोलून नेतो, नीटनेटका राहतो, मग भत्ता कसला? तेलही गेलं, तूपही गेलं. ताईने कपाळावर हात मारला, पण मी सांगितलं होतं असं एका शब्दाने म्हणाली नाही, आणि ते कॅप्टनीणला जास्त लागलं. अपील होतं. अपिलातला अधिकारी फोनवर विचारणार होता, म्हणून कॅप्टनीण फोन पदरच्या पोरासारखा जवळ बाळगून हिंडायची. एकदाच तो त्याच्या उशाशी ठेवून ती कचरा टाकायला खाली गेली, तेवढ्यात तो वाजला. तेव्हा कॅप्टनचा उजवा हात अजून थोडा चालत होता. कुणीतरी अदबीने तब्येत विचारतंय म्हटल्यावर तो म्हणाला, अगदी मजेत, आपली कृपा. झालं. अपिलाचा निकाल पहिल्यासारखाच लागला. यावर हसावं की रडावं ते तिला कळलं नाही, आणि खरं तर ती हसलीच, ओट्याला टेकून, पोट दुखेपर्यंत. मग तिने डोळे पुसले आणि लाँड्रीत गेली.

लाँड्रीत तिच्या टेबलावर दुसरी बाई होती. मालक म्हणाला, धुलाईत जागा आहे, हवी तर घे. इस्त्रीवाली बाई धुलाईत जाते म्हणजे काय, ते त्या धंद्यातल्यालाच कळेल. दिवसभर पाण्यात उभं राहायचं आणि ओल्या चादरींचे गठ्ठे उपसायचे. तिने घेतली. सकाळी निघताना ती त्याला कुशीवर करायची, उशाशी नळीचा पेला ठेवायची, आणि बाहेरून कुलूप लावायची. किल्ली सुताराच्या बायकोकडे. ती दुपारी डोकावायची, जमेल तेव्हा. आतून तो म्हणायचा, जा तू, मी मजेत आहे. कुलपाचा खटका पडला की ती दाराला कान लावून उभी राहायची, रोज, आणि रोज ती तशीच जिना उतरायची.

मग त्याचे हात गेले. नळी तोंडात धरता येईना. पाठीवर जखम झाली आणि चिघळली. बोलणं जड झालं, तिच्याशिवाय कुणाला समजेना. एका रविवारी त्याने तिला जवळ बोलावलं आणि अडखळत विचारलं, तू परत कामाला लागलीस ते कचेरीत कळवलंस का? आणि माझे हात गेले ते? तिने सांगितलं, भत्ताच बंद आहे तर कळवायचं काय. तो ऐकेना. नियम म्हणजे नियम, तो म्हणाला. आणि शिवाय, आता तर खरंच नाही ना उठता येत मला. आता बघतील ते. तिच्या मनाने तेवढ्यानेसुद्धा उचल खाल्ली. माणूस मेला तरी आशा मेली नाही, त्यातलं हे. तिने धुलाईचा खाडा केला आणि कचेरीत गेली.

लांबलचक रांग होती. रांगेत उभी असताना ती मनातल्या मनात सगळं घोकत होती, हात, पाठीची जखम, गिळताना लागणारा ठसका, काही विसरायला नको. उन्हाने तिच्या घशाला कोरड पडली, पण रांग सोडली तर नंबर जाणार. खिडकीत एक पांढऱ्या केसांचा कारकून होता. त्याने नंबर टाकला, स्क्रीन वाचला, आणि ती बोलायला लागली तसं तिला हाताने थांबवलं.

"तुमची केस बंद झालीय, बाई. आता तुम्हाला काही कळवायची गरज नाही."

ती म्हणाली, पण बदल झालाय. मोठा बदल झालाय.

"असू दे. यापुढे काहीही बदल झाला तरी आम्हाला कळवावं लागणार नाही. तुमच्यावर आता कसलंही बंधन नाही." त्याला वाटलं, तो तिची काळजी दूर करतोय. नवा अर्ज कधी करता येईल असं तिने विचारलं, तर त्याने एक तारीख सांगितली. ती पुढच्या वर्षातली होती. डॉक्टरांनी कॅप्टनची जी मुदत सांगितली होती ती तिला आठवली, आणि त्यात ती तारीख कुठेच बसत नव्हती. मागच्या माणसाने, झालं का बाई, म्हटलं. ती बाजूला झाली.

घरी येऊन तिने कुलूप काढलं. तो जागाच होता, दाराकडे डोळे लावून. काय म्हणाले, असं त्याने विचारलं. ती त्याच्याजवळ बसली. त्याची मान उशीवर नीट केली, तोंडाच्या कडेची लाळ पुसली. म्हणाली, सगळं ऐकून घेतलं. नोंद केली. कळवलंत ते बरं केलंत म्हणाले. त्याचा चेहरा सैल झाला. बघ, तो म्हणाला, खरं सांगितलं की ऐकतात.

मग थोड्या वेळाने, जड जिभेने एकेक शब्द उचलत, त्याने विचारलं, "पाणी विचारलं का?"

"विचारलं," ती म्हणाली. "अहो, बसल्या बसल्या आणून दिलं. ट्रेमधून."

तो समाधानाने डोळे मिटून पडला. चांगली माणसं आहेत, म्हणाला. ती उठून ओट्याशी गेली, त्याच्याकडे पाठ केली, नळ अगदी बारीक सोडला म्हणजे आवाज होणार नाही, आणि उभ्या उभ्या ओंजळीने पाणी प्यायली.